राहून गेलेल्या कामांचे मास्तर

आज माझ्या नावापुढे बी. ए. लागलं आहे, ते कायतान फर्नांडिस सरांमुळे. आईवडिलांनी जन्म दिला, वाढवलं, त्यांचे उपकार आहेतच. पण आमच्या घराण्यात सही करण्यापलीकडे कोणाचा हात गेला नव्हता. तो माझा गेला, तो या एका माणसामुळे. म्हणून हे लिखाण त्यांच्या नावाने सुरू करतो.

आणि पहिल्यांदाच सांगून टाकतो की सर विक्षिप्त आहेत. हे मी पूर्ण आदराने सांगतो.

सगळे मास्तर मुलांना विचारतात, काल काय केलंस? कायतान सर विचारायचे, काल काय केलं नाहीस? मालवणहून देवबागला जाणाऱ्या रस्त्यावर आमची शाळा. तिथे आमच्या वर्गात हजेरीला नुसतं 'प्रेझेंट सर' म्हणून चालत नसे. नाव पुकारलं की उभं राहायचं आणि काल करायला हवी होती पण राहून गेली अशी एक गोष्ट इंग्रजीत सांगायची. 'आय शुड हॅव फेड द हेन्स.' सांगितलं की तुम्ही हजर. नाही सांगितलं, तर सरांच्या नाकासमोरच्या बाकावर बसलेले असलात तरी गैरहजर.

इंग्रजी व्याकरणातला हा एकच भाग सरांना जिवापाड आवडायचा. होऊन गेलेल्या काळात काय व्हायला हवं होतं, काय होऊ शकलं असतं, काय झालं असतं आणि काय झालं असणार. बाकीचा अभ्यासक्रम ते बस पकडायची असल्यासारखा उरकायचे. या धड्यावर आले की मात्र खुर्ची ओढून बसायचे, छत्री टेबलावर आडवी ठेवायचे आणि म्हणायचे, "झाला ता झाला. काय होवक होया होता, ता सांग."

हे वाक्य त्यांच्या तोंडी इतकं बसलं होतं की गावात त्यांना पाठीमागे 'शुड हॅव मास्तर' म्हणत. आम्ही मुलं त्या हजेरीला 'कुमसार' म्हणायचो. ख्रिस्ती माणसं चर्चमध्ये पाद्र्यासमोर आपल्या चुका कबूल करतात, त्याला आमच्याकडे कुमसार म्हणतात. वर्गात ख्रिस्ती मुलं चारच होती, पण कुमसार आम्ही सगळे करायचो, आणि तेही रोज सकाळी.

या सरांनी गेल्या नोव्हेंबरात शिकवणं बंद केलं आणि घरातल्या बशा वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतल्या. कायमचं म्हाप्शाला जायचं ठरवलं. त्याला कारण मी. ते कसं झालं आणि मी त्यावर काय केलं, हे सांगण्यासाठीच लिहायला बसलो आहे. पण आधी सर कळायला हवेत.

सर उंच आणि काटकुळे. शर्टाचं गळ्याजवळचं बटण उन्हाळ्यातही लावलेलं. सायकल चालवताना छत्री काखेत, त्यामुळे एकच हात हँडलवर आणि सायकल सतत डावीकडे ओढलेली. लग्न केलं नाही. भाषा तीन. वर्गात इंग्रजी, गावात मालवणी, आणि शुद्ध मराठी फक्त कचेरीत किंवा मनाला लागलं असेल तर. सर मालवणी बोलत आहेत म्हणजे सगळं ठीक आहे, हे आम्हांला पहिल्याच वर्षी कळलं होतं.

रोज रोज राहून गेलेलं काम आणायचं कुठून, हा आमच्यापुढे मोठा प्रश्न असे. खरं तर कामं ढिगाने राहिलेली असत, पण ती इंग्रजीत येत नसत. मग काहीजण पदरची रचायचे. संतोष म्हणून एक मुलगा होता. तो एकदा उभा राहून म्हणाला, "आय शुड हॅव किल्ड द कोब्रा."

सरांनी पेन खाली ठेवलं. "खंय इल्लो कोब्रा?"

"न्हाणयेत, सर."

"केवढो?"

संतोषने दोन्ही हात ताणले. शेजारच्याच्या नाकाला एक हात लागला.

"मगे तू काय केलंस?"

"पळालंय, सर."

"पळालंस तर बरा केलंस. ह्येका राहून गेलेला काम म्हणत नाय, ह्येका अक्कल म्हणतत. पण कोब्रा खोटो आसा. आज तू गैरहजर. उद्या खरी चूक घेवन ये."

त्याच आठवड्यात सुलभाने उभं राहून, पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत, सांगितलं की तिने भावाच्या ताटातली माशाची तुकडी खाल्ली आणि मांजरावर आळ घातला. इंग्रजी इतकं मोडकं होतं की वाक्यात क्रियापद कुठलं आणि मांजर कुठलं ते कळत नव्हतं. सर खुर्चीतून उठले. "व्याकरण फाटलेला आसा," ते म्हणाले, "पण कबुली नवीकोरी. सुलभा हजर. बाकीच्यांनी ऐकलात?" संध्याकाळी तिने भावाला खरं सांगितलं आणि धपाटा खाल्ला, हेही दुसऱ्या दिवशी हजेरीत आलं.

धडा समजवायची सरांची पद्धत त्यांची स्वतःची होती. शुड, कुड, वुड आणि मस्ट हे त्यांच्या मते चार भाऊ. शुड हा थोरला. घरचं सगळं त्याच्या डोक्यावर, म्हणून सारखा रागावलेला. दुसरा कुड, अंगात कला पुष्कळ, पण ओसरीवर लोळत पडलेला. तिसरा वुड मुंबईला. "येतलय होतंय, पण रजा गावली नाय" हे त्याचं दर गणपतीतलं पत्र. आणि मस्ट हा खरं तर भाऊ नव्हेच, तो शेजारी. स्वतःच्या डोळ्यांनी काही बघत नाही, पण कोणाच्या घरात काय झालं असणार हे खात्रीने सांगतो. आजही एखाद्या इंग्रजी कागदात यांतला कोणी दिसला की मला त्याचं तोंड दिसतं.

एकदा तालुक्याच्या स्पर्धेसाठी सर आम्हां तिघांना घेऊन मालवणला निघाले. आम्ही थांब्यावर पोचलो तेव्हा बसची वेळ होऊन दहा मिनिटं गेली होती. दुसरा कोणी असता तर पुढच्या गाडीची चौकशी केली असती. सरांना धडा सापडला. "शुड हॅव," त्यांनी छत्रीने धुळीत रेघ ओढली, "आमी वेळेर येवक होया होता. कुड हॅव. येवक गावला असता, दिगूची वहाण तुटली नसती तर." दिगू म्हणजे मी. ते तिसऱ्या भावावर पोचले, तेवढ्यात मागे बस आली, थांबली, दोन बायका उतरल्या, कंडक्टरने घंटी मारली आणि बस गेली. आम्ही तिघं बोट दाखवत होतो. सर पाठमोरे होते आणि म्हणत होते, "अँड लास्टली, द बस मस्ट हॅव गॉन."

बाजारातही तेच. मासे घ्यायला गेले की पार्वतीमावशीच्या टोपलीसमोर उभे राहून पुटपुटायचे की काल यायला हवं होतं, काल सुरमई होती म्हणे. पार्वतीमावशी कोयता आपटून म्हणायची, "मास्तरानू, कालची सुरमई कालच लोकांच्या पोटात गेली. आज बांगडे आसत. ते घेवा, नायतर उद्या येवन बांगड्यांच्या नावान रडशात." सर निमूट बांगडे घ्यायचे. गावच्या क्रिकेट सामन्यात एकदा त्यांच्या हाती माईक दिला होता. दोन षटकांत एकाही चेंडूवर काय झालं ते कळलं नाही, काय व्हायला हवं होतं तेवढंच कळत राहिलं. तिसऱ्या षटकाआधी माईकची वायर निघाली. ती कोणी काढली ते सगळ्यांना माहीत होतं.

वर्गात कोणीतरी धीट मुलगी वर्षातून एकदा विचारायची, "सर, तुमचा काय राहिला?" सर हजेरीपुस्तक मिटत म्हणायचे, "माझा उद्या." माझ्या आधीच्या मुलांनाही तेच सांगितलं होतं, नंतरच्यांनाही.

आता माझ्या उपकाराची गोष्ट.

मी दहावीत असताना आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला शाळेतून काढलं. आबा रापणीवर होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी ते समुद्रात अर्धगोल सोडून येते आणि मग किनाऱ्यावर दोन्ही टोकांना वीस-वीस माणसं दोर धरून ओढतात. त्या साली दोन माणसं मुंबईला निघून गेली आणि दोराला हात कमी पडले. आबांनी मला सांगितलं, "उद्यापासून दोराक ये." मी गेलो. मला वाईट वाटलं का, हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. आमच्याकडे पोरं अशीच दोराला लागायची.

चौथ्या दिवशी सकाळी सर वाळूतून सायकल ढकलत आले. मला वाटलं आता भाषण होणार. सरांनी सायकल माडाला टेकवली, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, छत्री सायकलला अडकवली आणि माझ्या मागे येऊन दोर धरला. गळ्याजवळचं बटण तसंच लावलेलं. माणसं हसली. सरांना ओढायचा ताल जमेना. सगळे मागे सरकत तेव्हा ते पुढे, आणि सगळे दम घेत तेव्हा ते एकटे ओढत. पण जाळं बाहेर येईपर्यंत त्यांनी हात सोडला नाही.

रापणीचा एक नियम आहे. दोराला जो हात लावील त्याला वाटा मिळतो. तो कुठला, कोण, रोजचा की वाटसरू, हे बघायचं नाही. सोमा तांडेल रापणीचा प्रमुख होता. त्याने हाक मारली, "मास्तरानू, पिशवी खंय? तुमचो वांटो घेवा."

"आज नको," सर म्हणाले. "ठेय तुज्याकडे."

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. शाळा सुरू व्हायच्या आत सर ओढून जायचे. हातांना फोड आले, खडू रुमालात धरून फळ्यावर लिहीत होते म्हणे. चौथ्या दिवशी मासळीचे वाटे घातले जात असताना सर सगळ्यांसमोर उभे राहिले.

"माझे चार दिसांचे वांटे झाले. माका मासे नको. ह्यो झील होयो." झील म्हणजे मुलगा, आणि सरांचं बोट माझ्याकडे होतं.

आबांनी टोपलीतून मान वर न करता विचारलं, "झील काय जाळ्यात गावलो, मास्तर?"

"गावलो ना. म्हणान तर सोडवक इलंय."

कोणीतरी खुसखुसलं. आबांचा चेहरा काळा पडला. सोमा तांडेलाने विडी विझवली. "ह्या बघ," तो आबांना म्हणाला, "मास्तरान चार दिस दोर ओढलो. हात लावलेल्याक वांटो देवचो पडता. आज ह्येका नाय म्हटला तर उद्या कोण दोराक हात लावतलो? देवन टाक." आबांनी माझ्या हातातली टोपली काढून घेतली. एवढंच. मी सरांच्या सायकलमागून ओल्या चड्डीत शाळेत गेलो. सरांनी हजेरीत माझं नाव पुकारलं तेव्हा मला एकही वाक्य सुचेना. त्यांनी त्या एका दिवशी नियम मोडला आणि मला हजर लावलं.

अशा तऱ्हेने मी दहावी झालो, मग मालवणात बारावी आणि बी. ए. तोवर सर निवृत्त झाले होते. घराच्या ओसरीवर रोज संध्याकाळी पाच वाजता आठवी ते दहावीच्या मुलांना फुकट शिकवत. हजेरी त्याच पद्धतीची.

पदवीनंतर मला कुडाळला एका कचेरीत कारकुनाच्या मुलाखतीला बोलावलं. सरांनी पंधरा दिवस तयारी करून घेतली. निघताना एकच सांगितलं, "विचारतील त्येचा खरा उत्तर दी."

समोर तिघे होते, मध्ये एक साहेब, एका कडेला लिहून घेणाऱ्या बाई आणि दुसऱ्या कडेला एक म्हातारे गृहस्थ. मधल्या साहेबांनी विचारलं, तुमच्यातला दोष सांगा. मी सांगितला. एकावर थांबलो नाही. टायपिंग आणखी शिकायला हवं होतं. ही कचेरी काल येऊन बघून जायला हवी होती. अर्जात एक शब्द चुकला, तो दुसऱ्याला दाखवायला हवा होता. बुटांना नुसतं वरून पॉलिश केलंय, टाचेलाही करायला हवं होतं. सगळं इंग्रजीत, एकही क्रियापद न चुकता. बाई लिहून घेत होत्या, त्यांनी लिहिणं थांबवलं. मधले साहेब म्हणाले, "तुमच्यात काही चांगलं आहे का?"

"आहे सर."

"काय?"

मी विचार करू लागलो. खूप केला. मग खरं तेच सांगितलं, "हे कोणी कधी विचारलं नव्हतं, सर."

नोकरी मिळाली नाही. घरी आल्यावर मी आबांना सगळं सांगितलं. आबांनी ते दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर सांगितलं, लोक पोट धरून हसले, आणि तिथून ते सरांपर्यंत पोचलं. सर हसले नाहीत.

पुढचं मला पंधरा दिवसांनी कळलं. कुडाळच्या स्टँडवर त्या कचेरीतला शिपाई भेटला. म्हणाला, तुमचे ते छत्रीवाले सर येऊन गेले की. सकाळी दहापासून बाकावर बसून होते. चार वाजता साहेबांनी आत घेतलं. सरांनी उभ्यानेच सांगितलं, त्या मुलाची चूक नाही, शिकवणाऱ्याची आहे, त्याला पुन्हा एकदा बोलवा. साहेबांनी चहा दिला आणि जागा भरल्याचं सांगितलं. जाताना सर छत्री विसरले, मग पुन्हा येऊन घेऊन गेले.

मी घाईघाईने सरांच्या घरी गेलो. ओसरीच्या दारावर पाटी अडकवली होती, खडूने लिहिलेली. वर्ग बंद. आत टेबलावर बशांचा ढीग. म्हाप्शाला सरांची पुतणी आहे, ती कित्येक वर्षं बोलावत होती. नाताळाच्या आत तिच्याकडे जाऊन राहायचं ठरलं होतं.

"ये दिगंबर. बस," सर म्हणाले.

त्यांनी मला दिगंबर कधी म्हटलं नव्हतं. आणि ते शुद्ध मराठीत बोलत होते.

"सर, वर्ग कशाला बंद केलात?"

त्यांनी हातातली बशी गुंडाळून पुरी केली. मग म्हणाले, "तुम्ही मुलं मला विचारायचात, माझं काय राहिलं. आज सांगतो. मी तुम्हांला राहिलेलं मोजायला शिकवलं. केलेलं मोजायला शिकवायला हवं होतं. ते राहून गेलं. किती मुलं गेली माझ्या हाताखालून. तू मला कळलास, कारण तुझी गोष्ट गावभर झाली. बाकीच्यांचं काय झालं असेल, मला ठाऊक नाही."

"तसं नाही सर."

"मग कसं आहे?"

मला उत्तर माहीत होतं, पण तोंडातून निघेना. ज्या माणसाने मला बोलायला शिकवलं, त्याच्यासमोर मी खालमानेने चहा प्यायलो. सरांनी माझ्यासोबत एकही बिस्कीट खाल्लं नाही. सगळी माझ्या बशीत सरकवत राहिले. एकट्या माणसाच्या घरात दोन कप शोधायला किती वेळ लागतो, ते मला त्या दिवशी कळलं. मी नमस्कार करून निघालो.

दोन दिवसांनी मी त्यांना पत्र लिहिलं. सरांचं घर माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे, पण हातात द्यायची हिंमत नव्हती, म्हणून मालवणला जाऊन पोस्टात टाकलं. ते पत्र आज माझ्याकडे आहे, कारण सरांनी ते चार ठिकाणी लाल शाईने खुणा करून मला परत पाठवलं. खुणा वगळून आणि चुका सुधारून खाली देतो.

तीर्थस्वरूप सरांना दिगंबरचा साष्टांग नमस्कार.

पत्र मराठीत लिहितो आहे, राग मानू नये. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही आधी चुका बघितल्या असत्या आणि मग मजकूर.

सर, कुडाळच्या मुलाखतीतली एक गोष्ट मी आबांना सांगितली नाही, म्हणून ती गावाला माहीत नाही आणि तुम्हांलाही नाही. त्या दिवशी बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक मुलगा होता. त्याची ती सातवी मुलाखत. त्याने मला सांगितलं की आत दोष विचारतात, त्यावर म्हणायचं, मी फार जास्त काम करतो, हाच माझा दोष. सगळे हेच सांगतात, ऐकणाऱ्यांनाही चालतं. मी ते वाक्य इंग्रजीत जुळवून तीनदा घोकलं. आत गेलो तेव्हा ते माझ्या तोंडात तयार होतं.

साहेबांनी विचारलं तेव्हा कडेला बसलेले म्हातारे गृहस्थ पुढे वाकले. त्यांना कमी ऐकू येत असावं, कानाला यंत्र होतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, हा माणूस माझं खरंच ऐकायला बसला आहे. तेवढ्यात मी ठरवलं की ते वाक्य बोलायचं नाही. मग जे खरं होतं ते बोलत सुटलो. जरा जास्तच बोललो, हे मला कळतं. बुटांच्या टाचा सांगायची गरज नव्हती.

पण सर, ते माझ्या हातून चुकून झालं नाही. तुमचा धडा तोंडपाठ होता म्हणून पोपटासारखा म्हटला, असंही नाही. दोन उत्तरं होती आणि मी एक निवडलं. त्यांनी मला घेतलं नाही, तो त्यांचा निर्णय. खरं बोललो, तो माझा. आयुष्यात मी स्वतः ठरवलेली ती पहिली गोष्ट असेल. शाळेतून काढलं आबांनी, परत आणलं तुम्ही. तुम्ही कुडाळला जाऊन ती चूक तुमची आहे म्हणून सांगून आलात. ती तुम्ही माझ्याकडून घेऊ नका, सर. ती माझी आहे आणि मला ती हवी आहे.

त्या साहेबांनी विचारलं, तुमच्यात चांगलं काय? मला सांगता आलं नाही, कारण ते त्याच खोलीत पाच मिनिटांपूर्वी घडलं होतं आणि माझं मलाच दिसलं नव्हतं. तुमच्याकडे चहा पिताना दिसलं, पण तेव्हा तोंड उघडलं नाही.

सध्या मी मालवणात एका दुकानात लोकांचे अर्ज भरून देतो. काम बरं आहे. माझी काळजी करू नये.

बुधवारी पाच वाजता मी तुमच्या घरावरून गेलो. ओसरीच्या पायरीवर तीन मुलं वह्या घेऊन बसली होती. मी म्हटलं, पाटी वाचली नाहीत काय? त्यांतली मोठी मुलगी म्हणाली, "वाचली. पण सर आत आसत. आमी बसतो." सहा वाजता परतताना पाहिलं, तिघंही तिथेच बसली होती. हे तुम्हांला ठाऊक असेल, कारण तुमच्या खिडकीचा पडदा हलत होता.

म्हाप्शाला जायचं की नाही ते तुम्ही ठरवा, त्यावर मी बोलणार नाही. फक्त त्या मुलांना पायरीवरून उठवून घरात घ्या. संध्याकाळी आता गार वारा सुटतो, आणि त्यांतल्या धाकट्याला खोकला आहे.

आपला विद्यार्थी,
दिगंबर